लाटण्यावरची पट्टी

आमच्या स्टाफरूममध्ये एक लाटणं असायचं, हे ऐकलं की लोकांना वाटतं, पोळ्याही तिथेच होत असतील. तसं काही नव्हतं. चहा सोडला तर त्या खोलीत काहीच होत नसे, आणि चहाही समोरच्या टपरीवरून यायचा. लाटणं घाटोळ सरांचं होतं. त्यांनी ते घरून आणलं होतं, आणि ते आणलं तेव्हा घरी भाकरी होत्या की पोळ्या, असं मी विचारलं तर म्हणाले, "पोळ्या होत्या सर. माय अजून शोधून राह्यली."

प्रल्हाद घाटोळ आमच्याकडे फिजिक्स शिकवायचे. कॉलेज तालुक्याच्या गावचं, एका अंगाला सोयाबीनची वावरं आणि दुसऱ्या अंगाला एसटी स्टँड. सर रोज मेडशीहून बसनं यायचे, माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसायचे आणि खिशातून पारदर्शक प्लॅस्टिकची दोन बोटं रुंद पट्टी काढायचे. ती लाटण्यावर वाकवायची, सरळ करायची, पुन्हा वाकवायची. तोंडानं मोजणं चालूच. हजार भरले की पट्टीच्या दोन टोकांना मल्टिमीटरच्या दोन सुया टेकवायच्या आणि आलेला आकडा वहीत लिहायचा. मग डबा उघडायचा. डब्यात बहुधा वांगंच असे, कारण घरचा भाजीपाल्याचा मळा होता आणि जे विकलं जात नाही ते घाटोळांच्या घरात सगळे खात.

बोलता बोलता मोजण्याची त्यांना सवय झाली होती. आपण विचारावं, "सर, आज प्राचार्यांनी मीटिंग किती वाजता ठेवली?" आणि उत्तर यावं, "चारशे बारा." पुढे पंधरावीस आकडे झाल्यावर "तीन वाजता" असंही यायचं, पण तोवर विचारणारा वैतागून निघून गेलेला असायचा. मुलं त्यांना मागे लाटणे सर म्हणायची. हे त्यांना माहीत होतं. "म्हनू द्या. नाव तरी फिजिक्सच्या सामानावरून पडलं," असं ते म्हणत.

मी मराठी शिकवतो. विजेशी माझा संबंध बटणापुरता. त्यामुळे ही पट्टी म्हणजे काय, हे समजून घ्यायला मी दोन वर्षं लावली, ती आळसापायी. शेवटी एकदा विचारलं तेव्हा त्यांनी लाटणं खाली ठेवलं, म्हणजे प्रश्न त्यांना आवडला होता.

"सर, काचेचं सोलर तुमी पाह्यलं. आता असं सोलर समजा जे चटईवानी गुंडाळता येते. पॉलिमरचं. वावरात न्या, पसरवा, काम झालं का गुंडाळून घरी आना. थे बनते. पन त्याच्या उन्हाकडच्या बाजूले एक पापुद्रा लागते. त्याच्यातून ऊन आत गेलं पाहिजे आन करंट बाहेर आला पाहिजे. आता जो पापुद्रा वापरतात थो काचेच्या जातीचा. इंडियमचा. वाकवला का तडकते. मी त्याच्याऐवजी दुसरं काही शोधून राह्यलो."

"मग काय सापडलं?"

"चांदी. आमच्या घरी बाया खाटेवर धोतर टाकून शेवया वाळवतात का नाही, तशा चांदीच्या शेवया. केसाहून हजारपट बारीक. एकमेकीले लागून पाहिजे, म्हनजे करंट जाते. आन विरळ पाहिजे, म्हनजे खालचं धोतर दिसते. लय टाकल्या तर अंधार, कमी टाकल्या तर करंट नाई." मग लाटणं उचलून म्हणाले, "सहा वर्षं झाली, मी त्याच फटीत उभा हाओ."

केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये, प्रॅक्टिकल नसेल त्या वेळी, ते या शेवया एका काचेच्या फ्लास्कमध्ये शिजवायचे. प्लॅस्टिक प्रोजेक्ट फायलींच्या कव्हरचं. पसरवायला एका सळईवर बारीक तार गुंडाळून केलेला रूळ. विद्यापीठात यासाठी लाखमोलाची यंत्रं आहेत असं ऐकतो, पण घाटोळ सरांना विद्यापीठातलं यंत्र मिळायचं ते महिन्यातून एक दिवस, तेही पीएच.डी.च्या मार्गदर्शकांची मर्जी आणि एसटीचं टाइमटेबल जुळलं तर.

अशाच एका खेपेला मी त्यांच्या बरोबर बसमध्ये होतो. पट्ट्या स्टीलच्या डब्यात होत्या आणि डबा मांडीवर. गर्दीत कंडक्टरला तो डबा अडचणीचा वाटला. "वर टाका न बाप्पा," तो म्हणाला. सर तयार होईनात. हादरे बसतात म्हणाले. कंडक्टरला वाटलं, काहीतरी सांडणारं आहे. "काय हाय त्याच्यात? उघडा." सरांनी उघडला. आत टिश्यू पेपर आणि त्यावर पट्ट्या, म्हणजे पाहणाऱ्याला नुसता टिश्यू पेपर. कंडक्टर दोन क्षण वाकून पाहत राहिला.

"सर, याच्यात तं काहीच नाई."

"तेच तं माहं काम हाय," सर म्हणाले. "काही दिसू नये."

पुढच्या स्टॉपपर्यंत बस हसत होती. सरही हसले, पण डब्यावरचा हात काढला नाही.

ते तासिका तत्त्वावर होते. ज्यांना हा शब्द माहीत नाही ते भाग्यवान. दर पावसाळ्यात नेमणूक, दर उन्हाळ्याच्या तोंडाशी कार्यमुक्ती, पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज, पुन्हा मुलाखत, पुन्हा त्याच मुलांपुढे तोच डायोड. असं अकरा वर्षं. कायमची जागा निघाली की पीएच.डी. असलेला कुणीतरी पुढे निघून जायचा. माझी नोकरी मात्र पहिल्या दिवसापासून कायम. मी काय दिवे लावले ते माझ्या विद्यार्थ्यांना विचारा. स्टाफरूममधल्या आमच्या खुर्च्या एकमेकींना लागून होत्या, एवढीच आमची बरोबरी. त्याची मला लाज वाटायची आणि ती लाज मी त्यांची थट्टा करून भागवायचो.

"घाटोळ सर, पीएच.डी. कुठवर?"

"होऊन राह्यलं," हे उत्तर ठरलेलं. लग्नाबद्दल विचारा, घराच्या स्लॅबबद्दल विचारा, पावसाबद्दल विचारा, होऊन राह्यलं. त्यांचं लग्न झालं, स्लॅब झाला, पाऊसही व्हायचा. पीएच.डी. तेवढी राहिली.

राहिली ती एका आजारामुळे. पट्ट्या वाकण्यात पास होत होत्या. हजार वेळा वाकवून आकडा हलत नव्हता. पण ठेवून दिल्या की तीन आठवड्यांत मरायच्या. ताज्या पट्टीत करंटला अडथळा अठरा ओहम, विसाव्या दिवशी दोनशे, महिन्याभरानं करंट जायचाच नाही. चांदी काळवंडून आतल्या आत तुटायची. सरांनी शिजवण्याची कृती बदलली, फ्लास्क बदलला, पाणी बदललं, वरून निरनिराळे लेप देऊन पाहिले. दोन वर्षं हेच. पट्ट्या आठ दिवस जास्त जगायच्या आणि मरायच्याच.

मार्गदर्शक शेवटी म्हणाले, चांदीचा स्वभावच असा असेल, तसं लिहून टाका. सरांनी लिहिलं. थिसिसचं पाचवं प्रकरण: उघड्या चांदीच्या तारांचा भरवसा नाही, त्या तीन आठवडे टिकतात. बाकी सगळं टाइप झालं होतं. नोंदणीची मुदत दोनदा वाढवून झाली होती, तिसऱ्यांदा वाढत नाही. आणि त्याच वर्षी आमच्याकडे फिजिक्सची कायमची एक जागा निघाली. अकरा वर्षांत पहिल्यांदाच सगळं एका रेषेत आलं होतं. स्टाफरूममध्ये आम्ही पेढ्यांची चर्चाही करून ठेवली.

मुदतीला बारा दिवस उरले असताना त्यांच्या पुतणीचा साखरपुडा होता. मी मेडशीला गेलो. जेवणं आटोपल्यावर ओसरीत बसलो होतो. सरांची आई, ठेंगणी आणि कामाला चिवट म्हातारी, चिंचेच्या कोळानं पायातल्या चांदीच्या तोरड्या घासत होती. नातीला द्यायच्या होत्या आणि काळ्याकुट्ट झाल्या होत्या. सर माझ्याशी बोलत होते, हात नेहमीप्रमाणे चालू. लाटणं नव्हतं म्हणून पट्टी पाण्याच्या तांब्याच्या गळ्यावर वाकवणं चाललं होतं.

"दिवाळीले घासल्या होत्या," आई मला सांगत होती. "पाहा कशा झाल्या. त्या खोलीत चांदी टिकतच नाई सर. पयले अशी नव्हती होत. सुभाष तिथी औषधं ठिवते तवापासून हे असं. माह्या जोडव्याचंही तसंच."

सुभाष म्हणजे सरांचा धाकटा भाऊ, मळा तोच पाहायचा.

मोजणं थांबलं. मी इतक्या वर्षांत ते मध्येच थांबलेलं पहिल्यांदा ऐकलं. सर उठले आणि त्या खोलीत गेले. मी मागोमाग गेलो. खोली लहान, बिनखिडकीची, सिमेंटची, घरातली सगळ्यांत कोरडी. कॉलेजची लॅब पावसाळ्यात गळते आणि एरवी छताचा चुना झडतो, म्हणून सरांनी पट्ट्या ठेवायला ही खोली निवडली होती. कोरडी म्हणूनच भावानंही निवडली होती. एका भिंतीला सरांचं लोखंडी कपाट. त्याच्या बुडाशी, कपाटाला टेकून, मिरचीवर पडणाऱ्या भुरी रोगासाठी आणलेल्या गंधकाच्या पावडरच्या थैल्या. एक फुटलेली होती. खाली पिवळी रांगोळी सांडली होती.

गंधकानं चांदी काळी पडते हे मलाही ठाऊक आहे, मराठीवाल्याला. सरांनी ते अकरा वर्षं मुलांना सांगितलं असेल. पण घरात ती पावडर गंधक नव्हती. ती औषध होती. औषधाच्या खोलीत औषध असतं, त्याकडे कोण पाहतो?

सर एका थैलीवरच बसले.

"दोन वर्षं मी चांदीले शिव्या देल्या सर," ते म्हणाले. "तिचा काहीच गुन्हा नव्हता."

बाहेरून आई विचारत होती, "काय झालं रे पल्हाद?"

सोमवारी ते कॉलेजात आले ते एक टाइप केलेलं पान घेऊन. त्यात लिहिलं होतं की पाचव्या प्रकरणातले सगळे नमुने गंधक असलेल्या खोलीत ठेवले गेले होते, म्हणून टिकाऊपणाचे निष्कर्ष चांदीच्या तारांचे मानू नयेत. हे पान थिसिसला जोडायचं होतं. मार्गदर्शकांना त्यांनी स्टाफरूममधूनच, स्पीकरवर, फोन लावला. तो माणूस वाईट नव्हता, हे सांगायला हवं. आवाज कळवळ्याचा होता.

"घाटोळ, ते पान लावलं तर परीक्षक पाचवं प्रकरण परत पाठवतील. नव्यानं मोजायचं तर तुम्हाला कमीत कमी तीन आठवडे हवेत, आणि तुमच्याकडे बारा दिवसही नाहीत. ते पान असलं तर मी सही करू शकत नाही. नसलं तर आजच करतो. तुमचे आकडे खरेच आहेत ना?"

"आकडे खरे हायेत सर. खोली खोटी हाय."

"खोली कोण विचारतो?"

फोन ठेवल्यावर सर माझ्याकडे वळले. मी काय म्हणावं, याची ते वाट पाहत होते. मी जे म्हणालो ते आज लिहिताना माझा हात जड होतो. मी म्हणालो, "घाटोळ सर, ते पान फाडून टाका. सही घ्या. पाचवं प्रकरण कोण वाचतो हो?"

ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

"कोनीतरी वाचनच न सर. उद्या कोनी चांदीवर काम कराले बसन, माहं पाचवं वाचन आन म्हनन, हे टिकत नाई. सोडून देईन. चांगलं काम थो सोडून देईन, माह्या घरच्या थैलीपायी."

"आणि तुमचं काय?"

"तेच तं," एवढंच म्हणाले.

मग त्यांनी एक ताजी पट्टी काढली, मोजली, कडेला पेनानं तारीख आणि अठरा लिहिलं. माझ्या कपाटात एक जाडजूड शब्दकोश आहे, मीही तो वर्षातून एकदा उघडतो. त्यात पट्टी ठेवली. "तुमच्याकडे भुरीचं औषध नाई न?" असं विचारलं आणि स्वतःच हसले.

पुढचे दिवस ते रोज कुणाला तरी फोन करायचे. विद्यापीठात दोनदा जाऊन आले. खिडकीवरच्या माणसानं नियमाचा कागद दाखवला. मार्गदर्शक महिनाअखेर निवृत्त होत होते. बायकोनं, आईनं, भावानं, प्रत्येकानं सांगितलं, सही घे. भावानं तर थैल्या उचलून गोठ्यात नेल्या आणि म्हणाला, "घे, काढलं. आता तं झालं न?" त्याला वाटत होतं, चूक काढली की झालेलं निस्तरतं. सर कुणाशी भांडले नाहीत. हो म्हणायचं तर खोटं छापून येणार आणि नाही म्हणायचं तर सगळंच बुडणार. या दोन भिंतींमध्ये ते इकडून तिकडे फिरत राहिले. त्या बारा दिवसांत ते वाळले.

शेवटच्या दिवशी मला वाटलं, ते विद्यापीठात गेले असतील. अकरा वाजता ते स्टाफरूमच्या दारात उभे. डायोडचा तास घेतला, प्रॅक्टिकल घेतलं, चारच्या सुमारास खुर्चीवर बसले आणि लाटणं काढलं. विद्यापीठाची खिडकी पाचला बंद होते. मी पेपर वाचण्याचं सोंग करून घड्याळ पाहत होतो. चार चाळीस. चार पन्नास. बाहेर शिपाई खोल्यांना कुलपं लावू लागला. पाच वाजले तेव्हा ते नऊशे सत्तरवर होते. थांबले नाहीत, घाई केली नाही. हजार झाल्यावर सुया टेकवल्या, आकडा वहीत लिहिला.

"टिकली," म्हणाले आणि डबा पिशवीत घालून बस पकडायला निघाले. मला रडू आलं. शिपाई दारात उभा होता म्हणून मी पेपर वर धरला.

एकविसाव्या दिवशी त्यांनी शब्दकोश उघडून पट्टी मोजली. अठरा. कुणाला सांगण्यात अर्थ नव्हता, म्हणून आम्ही दोघांनी चहा घेतला. मुलाखती झाल्या, दुसऱ्या जिल्ह्यातले एक पीएच.डी. झालेले तरुण गृहस्थ आले. सज्जन आहेत. ते आल्यावर फिजिक्सच्या तासिका उरल्याच नाहीत. पुढच्या पावसाळ्यात घाटोळ सरांची नेमणूक निघाली नाही. लाटणं त्यांनी परत नेलं. आईला ते सापडल्याचा किती आनंद झाला, हे त्यांनीच मला फोनवर सांगितलं.

गेल्या हिवाळ्यात ते एकदा कॉलेजात आले होते. कुठल्याशा शाळेत अर्ज करायचा होता, त्यासाठी अनुभवाचा दाखला हवा होता. चपलेला मळ्याची माती. केस पांढरे झालेले. ऑफिसनं दोन तास बसवलं, तेवढा वेळ माझ्याजवळ बसले. त्यांच्या खुर्चीवर आता ते नवे गृहस्थ बसतात, म्हणून सर स्टुलावर बसले. मग म्हणाले, "पट्टी हाय का सर?"

मी शब्दकोश काढला. पिशवीतून मल्टिमीटर निघाला. म्हणजे दाखल्याचं काम हे निमित्तच होतं की काय कोण जाणे. सुया टेकवल्या.

अठरा.

"जशीच्या तशी हाय," ते म्हणाले. दीड वर्ष झालं होतं. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं त्याला आनंदच म्हणावं लागेल, पण तो कुठे जाणार होता?

"मग लिहा ना हे आता," मी म्हणालो.

"कोठी लिहू? नोंदनी नाई, गाइड नाई, लॅब नाई." खिशातून त्यांनी चौघडी घातलेला एक कागद काढला. तेच पान. घड्यांवर विरलेलं. ते पट्टीबरोबर शब्दकोशात ठेवलं आणि शब्दकोश माझ्या हातात दिला. "कोनी पोरगं चांदीवर काम कराले आलं तं हे द्याल. म्हनाव, टिकते."

मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो? पान फाडा म्हणणाऱ्याच्याच हातात ते पान आलं होतं.

दाखला मिळाल्यावर ते निघाले. स्टाफरूमच्या खिडकीतून स्टँड दिसतं. मेडशीकडची बस लागली नव्हती. ते खांबाला टेकून उभे होते, पिशवी पायाशी, आणि उजव्या हाताची बोटं चालू होती. पट्टी तर माझ्याकडे होती, मग हे काय वाकवतायत म्हणून मी नीट पाहिलं. दाखल्याचा कागद त्यांनी शर्टाच्या खिशात जपून ठेवला होता. हातात सकाळचं एसटीचं तिकीट होतं. ते तिकीट अंगठ्यावर वाकवत होते, सरळ करत होते, पुन्हा वाकवत होते. ओठ हलत होते. बस आली, लोक चढले, कंडक्टरनं त्यांना हाक मारलेली मला दिसली. त्यांनी एक बोट वर करून त्याला थांबायची खूण केली. आकडा पुरा व्हायचा होता.